दुसऱ्या खेपेची मुंबई

लग्नानंतर पहिल्यांदा मुंबई बघायला येणाऱ्या जोडप्याचा कार्यक्रम आता एखाद्या विधीसारखा ठरून गेला आहे. गेटवे ऑफ इंडिया, राणीची बाग, मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट, गिरगाव चौपाटीवरची भेळ, सिद्धिविनायक, जुहू आणि वेळ उरला तर वांद्र्याला एखाद्या नटाच्या बंगल्याचं बंद फाटक. पुढे काही वर्षांनी कुणाच्या लग्नाला किंवा दवाखान्याच्या कामाला पुन्हा येणं होतं, दोन दिवस हाताशी असतात आणि बघितलेलं परत बघायची हौस राहिलेली नसते. मग बाणगंगा, खोताची वाडी, माहीमचा किल्ला, शिवडीच्या खाडीतले रोहित पक्षी अशी 'कमी ठाऊक' ठिकाणं शोधली जातात. या दुसऱ्या यादीतही गोवंडी नसते. गंमत अशी, की पुणे-सातारा-सांगलीकडून एसटीने आलेल्या माणसाने गोवंडी पहिल्याच खेपेला ओलांडलेली असते. वाशीचा खाडीपूल संपला की मानखुर्द, मग देवनार, मग उतारूंची झोप मोडणारी कंडक्टरची 'मैत्री पार्क' अशी हाळी. घाटावरच्या माणसाला मुंबईचा पहिला तुकडा दिसतो तो हाच, आणि तो बहुधा अर्धवट झोपेत दिसतो. मुंबई कशी घडली हे कळून घ्यायचं असेल तर दुसऱ्या खेपेला इथेच उतरावं, असं माझं म्हणणं आहे. गोवंडी हा शहराचा उरलासुरला काठ नव्हे. शहराने सव्वाशे वर्षं एकामागून एक निर्णय घेऊन तो काठ बनवलेला आहे, आणि ते निर्णय इथे अजून उघड्या डोळ्यांनी वाचता येतात.

आधी गोवंडी कुठल्याच यादीत का नाही, ते पाहू. गोविंद नारायण माडगावकरांचं 'मुंबईचे वर्णन' १८६३ सालचं. शहर बघण्याची मराठी नजर अशा पुस्तकांनी घडवली. त्या काळी गोवंडी मुंबईत नव्हतीच. तुर्भे म्हणजे ट्रॉम्बे हे साष्टीच्या पूर्वेला खाडीने वेगळं काढलेलं स्वतंत्र बेट होतं. त्यावरचा सुमारे हजार फुटी डोंगर बंदरात शिरणाऱ्या गलबतांना खूण म्हणून उपयोगी पडे. गोऱ्या खलाशांनी त्याच्या आकारावरून त्याला बैलाच्या जिभेचं नाव दिलं होतं. चेंबूर, बोरला, देवनार, गोवंडी, मानखुर्द, मंडाळे ही त्या बेटाच्या अंगाखांद्यावरची गावं. भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी. कोळी, आगरी आणि पोर्तुगीज अमदानीत बाटलेली पण मराठीच बोलणारी ईस्ट इंडियन कुटुंबं. हा सारा मुलूख ठाणे जिल्ह्यात मोडे. १९२० साली मुंबई उपनगर जिल्हा वेगळा निघाला, आणि मुंबई महापालिकेची हद्द इथवर पोचायला १९५० साल उजाडलं. पुढचा सगळा युक्तिवाद या १९५० सालावर उभा आहे.

कारण महापालिका स्वतः इथे त्याच्या पन्नास वर्षं आधी येऊन बसली होती. १८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मांडवीत प्लेग निघाला आणि शहर हादरलं. रोग घाणीतून आणि दूषित हवेतून येतो या समजुतीने घाणच शहराबाहेर काढायचं ठरलं. १८९७ मध्ये पालिकेने देवनारची ८२३ एकर खाजण जमीन अर्देशीर कर्सेटजी कामा यांच्याकडून विकत घेतली आणि १८९९ पासून शहराचा केरकचरा रेल्वेच्या वाघिणींतून इथे येऊ लागला. महालक्ष्मीच्या कचरपट्टीतून भरून निघणारी ती 'कचरागाडी' जुन्या मुंबईकरांच्या बोलण्यात बरीच वर्षं टिकून होती. कुर्ला-चेंबूर मार्गावर माणसांसाठी गाडी सुरू झाली ती १९२४ मध्ये. म्हणजे या बाजूला शहराचा कचरा आधी रेल्वेने आला आणि शहराची माणसं त्यानंतर पंचवीस वर्षांनी. हार्बर लाइनवरून आज मानखुर्द-वाशीकडे जाताना ज्या दिशेने आपण जातो, तिचा पहिला उतारू कोण होता हे ध्यानात ठेवलं तर खिडकीतून दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्तच आहे. जगातलं कुठलं शहर आपला कचरा बाजारपेठेत टाकतं? तो गावाबाहेरच जाणार. त्यात निर्णय कसला आणि अन्याय कसला? आक्षेप खरा धरला तरी एक प्रश्न शिल्लक उरतो: 'बाहेर' कुणाचं? ज्यांच्या खाजणात भर पडत होती ते लोक त्या पालिकेचे मतदार नव्हते, करदाते नव्हते, तिच्या सभागृहात त्यांच्या बाजूने बोलणारं कुणी नव्हतं. गावाबाहेर उकिरडा असणं वेगळं आणि दुसऱ्याच्या गावात आपला उकिरडा असणं वेगळं. शिवाय ही एकट्या कचऱ्याची गोष्ट असती तर योगायोग म्हणून सोडून देता आली असती. कत्तलखान्याचा प्रवास तिच्या शेजारी ठेवला की योगायोग उरत नाही. १८६० च्या दशकात म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी शहरातली कत्तल वांद्र्याला हलवली, तेव्हा वांद्रेही शहराच्या हद्दीबाहेरच होतं. पुढे वांद्रे वाढलं, बंगले आले, प्रतिष्ठा आली. तेव्हा कत्तलखाना पुन्हा उचलला गेला आणि १९७१ मध्ये देवनारला आला. एका शतकात एकच संस्था दोनदा हलली आणि दोन्ही वेळा तिला नवं 'बाहेर' शोधावं लागलं. तिच्याबरोबर अर्थव्यवहारही हलला: वांद्र्याच्या आधाराने धारावीत वाढलेल्या चामड्याच्या धंद्याला कातडी आता देवनारहून न्यावी लागली.

त्या कत्तलखान्याच्या आवारात बकरी ईदच्या आधीच्या पंधरवड्यात भरणारा बाजार हे मुंबईतलं एक खरंखुरं प्रेक्षणीय दृश्य आहे. दुर्दैवाने पर्यटनाच्या कुठल्याही माहितीपत्रकाला ते मानवत नाही. राजस्थान, मध्य प्रदेश, गुजरात, उत्तर प्रदेश आणि आपल्याकडचे धनगर-खाटीक व्यापारी ट्रक भरभरून बकरे आणतात. तंबू ठोकले जातात, चाऱ्याच्या पेंढ्या रचल्या जातात, अंगावर रंगाने खुणा केलेली जनावरं दाव्याला बांधली जातात. गिऱ्हाईक आधी बकऱ्याचा जबडा उघडून पुढचे दात बघतं: दुधाचे पडून दोन मोठे दात आले असतील तर वर्ष पुरं झालं, कुर्बानीला चालतो. मग पाठीच्या कण्यावरून पंजा फिरवून मांस अजमावायचं, कान-शिंगं धड आहेत ना ते बघायचं आणि त्यानंतर भावाची घासाघीस. पुसद-पंढरपूरकडच्या कुठल्याही जनावरांच्या बाजारात वाढलेल्या माणसाला यातलं काही परकं वाटणार नाही. जत्रेत मिरवणारा खिलार बैल आणि देवनारचा सिरोही बकरा यांना जोखणारी नजर एकच आहे. तिकडच्या बाजाराला लोकसंस्कृती म्हणायचं आणि इकडच्या बाजारापाशी नाकाला रुमाल लावायचा, यामागे कारण जातीधर्माचं आहे की वासाचं, ते ज्याचं त्याने स्वतःशी प्रामाणिकपणे ठरवावं.

याच देवनारच्या दुसऱ्या टोकाला, चेंबूरच्या हद्दीशी, पांजरापोळ आहे. १८३२ मध्ये गोऱ्या पोलिसांनी भटकी कुत्री मारायला घेतली तेव्हा पारशांनी मुंबई पेटवली होती. त्या दंग्यातून धडा घेऊन शेठ मोतीशा आणि जमशेटजी जीजीभाई यांनी १८३४ मध्ये भुलेश्वरला जनावरांसाठी पांजरापोळ काढलं. भाकड, म्हाताऱ्या गुरांना भुलेश्वरच्या गल्ल्यांत जागा किती पुरणार? पांजरापोळची एक शाखा चेंबूरला आली, तिथे आजही गोठे आहेत, आणि आसपासच्या चौकाला, पुढे २०१३ मध्ये पूर्व मुक्त मार्गावर खुल्या झालेल्या बोगद्यालाही तेच नाव पडलं. एका टोकाला जीव वाचवायची जागा, दुसऱ्या टोकाला घ्यायची. शहराच्या दया आणि भूक या दोन्ही गोष्टींना मोकळी, स्वस्त आणि नजरेआडची जमीन लागते, आणि दोघी हिंडत हिंडत एकाच खाजणाच्या काठी येऊन पोचल्या.

इथे दुसरा आक्षेप ऐकू येतो. गोवंडीकडे फक्त नकोसं तेवढंच आलं असं कसं म्हणता? या परिसरात तर देशातल्या नामांकित संस्था आहेत. खरं आहे. १९३६ मध्ये नागपाड्याच्या नेबरहुड हाऊसमध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने सुरू झालेली, समाजकार्य शिकवणारी देशातली पहिली संस्था, म्हणजे आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, १९५४ मध्ये देवनारच्या आवारात आली. उद्घाटनाला पंडित नेहरू होते. लोकसंख्याशास्त्र शिकवणारी संस्था १९५६ मध्ये निघाली आणि गोवंडी स्टेशन रोडवर स्थिरावली. त्याच वर्षी ४ ऑगस्टला तुर्भ्याच्या डोंगरापलीकडे 'अप्सरा' ही आशियातली पहिली अणुभट्टी कार्यान्वित झाली. राज कपूरांचा स्टुडिओ १९४८ पासून चेंबूरच्या वेशीवर होता. एवढं मोठं वैभव असताना उकिरड्याचंच का बोलायचं? पण या संस्था इथे का आल्या ते विचारून पाहा. विस्तीर्ण जमीन हवी, ती स्वस्त हवी, आणि अणुभट्टीला तर वस्तीपासून अंतर हवं. कचऱ्याने जी कारणं दिली होती तीच थोडी धुऊनपुसून पुन्हा दिली गेली. १९२७ हे एकच साल बघा. देवनारच्या कचराभूमीचा सरकारी हिशेब या सालापासून धरला जातो. याच साली चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब निघाला. आणि याच साली अनाथ, उन्मार्गी मुलांसाठी चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली, तिचं मोठं बालगृह पुढे मानखुर्दला आलं. गोल्फचं हिरवं मैदान, कचऱ्याचा ढीग आणि पोरक्या मुलांचं वसतिगृह यांना एकच बेट कसं मिळालं याचं उत्तर त्या काळच्या जमिनीच्या भावात आहे. नंतर भिक्षा प्रतिबंधक कायद्याखाली पकडलेल्यांचं केंद्रही चेंबूरलाच आलं. शहराला रस्त्यावर नको असलेल्या माणसांची सोयही त्याच दिशेने लागत गेली.

माणसांचा प्रश्न आला की तिसरा आक्षेप सर्वांत मोठ्या आवाजात येतो: झोपडपट्टी काही पालिकेने बांधली नाही, परप्रांतातून लोक आले आणि मिळेल तिथे बसले. हा समज इतका मुरलेला आहे की त्याला शब्दांनी उत्तर देण्यापेक्षा शिवाजीनगरचा नकाशाच पुढे करावा. गोवंडी स्टेशनच्या उत्तरेकडे उतरून थोडं चाललं की रस्त्यांना नावांऐवजी नंबर दिसू लागतात. सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते, प्लॉट नंबर, लाइन नंबर. आपोआप पसरलेली वस्ती वारुळासारखी वाढते. ती पट्टीने आखलेली नसते. सत्तरच्या दशकात शहराच्या इतर भागांतून उठवलेल्या लोकांना बसवायला पालिकेनेच हे प्लॉट पाडले, प्रत्येक घराला १० बाय १५ फुटांची जागा देऊन. पन्नास वर्षांत त्या दीडशे चौरस फुटांवर पोटमाळा आला, पोटमाळ्यावर पत्रा, पत्र्यावर आणखी एक मजला आणि बाहेरच्या बाजूने उभी लोखंडी शिडी. खाली दुकान, मधे बिऱ्हाड, वर जरीकामाचा कारखाना. कारचोबच्या चौकटीवर ताणलेल्या कापडाभोवती मांडी घालून बसलेले कारागीर आरीने टिकल्या टाचत असतात आणि ती वस्त्रं लग्नसराईत कुठल्याकुठे जातात. जमिनीचा तळ मात्र अजून पालिकेच्या पट्टीइतकाच आहे.

स्थलांतर घडवून आणण्याची याहून उघड गोष्ट जनता कॉलनीची. पूर्वी शहरातून हलवलेल्या लोकांनी मानखुर्दजवळ खाजणात उभी केलेली ही वस्ती अणुशक्ती विभागाच्या वसाहतीला लागून होती. तिथला तरुण जॉकिन अर्पुथम, मूळचा कोलारच्या सोन्याच्या खाणींच्या मुलखातला. पालिका कचरा उचलत नाही म्हणून त्याने वस्तीतल्या मुलांना कचरा गोळा करायला लावून तो थेट पालिकेच्या कार्यालयासमोर नेऊन टाकला होता. साऱ्या शहराचा कचरा ज्या वाटेने त्यांच्या दाराशी येत होता, त्याच वाटेने थोडासा परत गेला. १९७४ मध्ये झोपडपट्टीवासीयांचा राष्ट्रीय महासंघ त्याने उभा केला. कॉलनी वाचवायला लढा कोर्टातून दिल्लीपर्यंत गेला, पण आणीबाणी आली आणि मे १९७६ मध्ये सुमारे सत्तर हजार लोकांची वस्ती उठवून तुर्भ्याच्या बाजूला, खाडीकाठी चिता कॅम्पमध्ये बसवली गेली. अर्पुथम यांना पुढे २००० साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये पद्मश्री. बहुतेक लोक इथे वाट चुकून आले नव्हते. त्यांना पत्ता देऊन पाठवण्यात आलं होतं, काहींना तर दोनदा.

हाच खेळ नव्या शतकात उंच इमारतींनी खेळला. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांत घरं गेलेल्यांना मानखुर्द-गोवंडीच्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड यांसारख्या वसाहतींत आणलं. इमारती एकमेकींना इतक्या चिकटून की खालच्या मजल्यांवर भर दुपारी दिवा लावावा लागतो. अशा घरांतली अंधारी, कोंदट हवा आणि क्षयरोग यांचा संबंध डॉक्टरांनी आणि अभ्यासकांनी मांडून दाखवला आहे. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात गोवंडी-मानखुर्दचा एम-पूर्व हा वॉर्ड सर्व वॉर्डांच्या तळाशी होता. आणि तरी फेब्रुवारी २०२३ मध्ये याच नटवर पारेख कंपाउंडमध्ये गोवंडी आर्ट्स फेस्टिव्हल भरला: इमारतींच्या भिंती रंगल्या, कंदिलांची मिरवणूक निघाली, वस्तीतल्या मुलांनी स्वतः काढलेले फोटो आणि स्वतः लिहिलेलं रॅप लोकांपुढे ठेवलं.

म्हणजे मग जोडप्याने तिकीट काढून गरिबी बघायला जायचं का, हा चौथा आणि सगळ्यात जिव्हारी लागणारा आक्षेप. धारावीतल्या सहलींवरून हा वाद पूर्वी झाला आहे आणि त्यात तथ्य आहे. कुणाच्या दारात डोकावणं, नळावर भांडी घासणाऱ्या बाईचा न विचारता फोटो काढणं, याला बघणं म्हणत नाहीत. पण बघण्याची वस्तू माणसं नसून निर्णय असतील, तर सगळं सार्वजनिक जागेतच आहे. रेल्वेची दिशा, पांजरापोळचा चौक, कत्तलखान्याचं फाटक, नंबरी रस्ते, गावठाणातल्या वळणावर झेंडूची माळ ल्यालेला दगडी क्रूस, टाटा संस्थेच्या समोर देवनार डेपोतून सुटणाऱ्या बेस्टच्या बस, आणि या सगळ्यामागे क्षितिजावर कचऱ्याचा तो डोंगर. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला तेव्हा धुराचा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रात उमटला आणि आसपासच्या शाळांना सुट्ट्या द्याव्या लागल्या. किल्ल्याच्या बुरुजाकडे आपण नाही तरी वेगळं काय बघतो? कुणी, कुणाच्या विरुद्ध, कुणाच्या खर्चाने तो बांधला तेच ना. इथला बुरुज अजून वापरात आहे, एवढाच फरक.

वापरात आहे, हे शब्दशः. धारावीच्या पुनर्विकासात तिथे घर मिळायला अपात्र ठरणाऱ्या लोकांसाठी देवनार कचराभूमीतली सुमारे १२४ एकर जमीन देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये घेतला. म्हणजे १८९७ मध्ये कामांकडून घेतलेल्या ८२३ एकरांतलाच एक तुकडा. त्याआधी तिथला कचरा उचलावा लागेल, आणि तो उचलून कुठल्या 'बाहेर' नेऊन टाकायचा हा प्रश्न आता वाशीच्या पुलापलीकडे, ठाणे-रायगडच्या गावांकडे बघतो आहे. वांद्रे आत आलं तेव्हा देवनार बाहेर सापडलं. देवनार आत येऊ लागलं की पुढचं बाहेर कुठलं, ते एसटीच्या खिडकीतून कळंबोली-पनवेलच्या सुमारास दिसायला लागेल.